आधी अर्थिंग बघा, चार्जर नंतर

इलेक्ट्रिक गाडी घरी चार्ज करायची तर पंधरा अँपिअरचा सॉकेट असताना वॉलबॉक्सवर, म्हणजे भिंतीवर बसवायच्या चार्जरवर, पैसे कशाला घालवायचे, असं काही जण म्हणतात. रोजची धाव नाशिकमधल्या नाशिकमध्ये, पाथर्डी फाटा ते सातपूर एवढीच असेल तर खरंच नको. सॉकेटमधून साधारण ३ किलोवॉट मिळतात, म्हणजे रात्रीच्या आठ तासांत २४ युनिट. वरचेवर कसारा उतरून मुंबई गाठणाऱ्याने मात्र ७.२ किलोवॉटचाच बसवावा.

पण सॉकेट म्हणजे गीझरचा जुना पॉइंट नव्हे! गीझर थोड्या वेळात बंद होतो, गाडी रात्रभर करंट ओढते. स्क्रू जरा ढिला असला की सॉकेट तापतो, प्लगच्या पिनेभोवतीचं प्लास्टिक आधी पिवळं आणि मग काळं पडतं. त्यामुळे मीटरपासून वेगळी तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा करंट झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. ७.२ किलोवॉटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो, त्याला ६ चौरस मिमीपेक्षा बारीक वायर नको, वायरमन काहीही म्हणो.

आणि अर्थिंग. ते नीट नसेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत, नि लोक शिव्या घालतात गाडीला. आपल्याकडे खाली काळा पाषाण, मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा. उन्हाळ्यातच तपासून घ्या.

मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती किलोवॉट वापरायची मंजुरी आहे ते, बिलावर छापलेला असतो, कमी असेल तर महावितरणकडे वाढवून मागा. घरच्याच मीटरवर गाडी लावली तर युनिट वरच्या, महाग स्लॅबमध्ये जातात. २०२४ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीनुसार गाडीसाठी वेगळी जोडणी मागता येते. सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला की हाच नियम पुढे करा.