पेट स्कॅनच्या आधी
आईंना डायबेटिस आहे आणि फॉलोअपचा पेट स्कॅन (किंचित किरणोत्सारी साखर टोचून शरीरात कॅन्सर कुठे आहे ते बघतात तो) आलाय तर काय तयारी करायची असं विचारलंयत, त्यात माझी भर. मी स्वतः स्टेज फोर कॅन्सरवाली, त्यामुळे हे नेहमीचंच झालंय. सहाएक तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं, पण शुगर २०० च्या वर असली तर बऱ्याच ठिकाणी तारीख पुढे ढकलतात, म्हणून इन्सुलिन, मेटफॉर्मिनचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आदल्या दिवशी दमणूक नको, स्नायू साखर ओढतात नि इमेज बिघडते. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं, बोलायचंही नाही (मला हेच जड जातं!). त्या दिवशी अंगात थोडा किरणोत्सर्ग असतो, म्हणून नातवंडं मांडीवर नकोत. जुन्या स्कॅनची सीडी न्याच, तुलना त्यावरूनच होते. रिपोर्ट आधी फोनवर आला तर उघडायचा का ते आईंनाच ठरवू दे, मी तरी नाही उघडत.