मदत हवी आहे: आमच्या नावाने गिऱ्हाइकांना खोटे मेल जातायत

नमस्कार मंडळी. कर्वेनगरला माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. वेबसाइट भाच्याने करून दिली, तो आता जर्मनीत, त्यामुळे सगळं माझ्याच गळ्यात.

गेल्या आठवड्यात मेल आला, 'डोमेन २४ तासांत बंद होईल, ४,८०० रुपये भरा.' लोगो, बिल क्रमांक, माझं नाव, सगळं जिथल्या तिथे. ह्यांनी क्यूआर कोड स्कॅनही केला, पण पैसे घेणाऱ्याचं नाव भलत्याच माणसाचं दिसलं म्हणून थांबले. मग चष्मा लावून मेलचा पत्ता वाचला, तर कंपनीच्या नावातल्या 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटून बसलेले! रजिस्ट्रारच्या (ज्या कंपनीकडे डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, नोंदवलंय तिच्या) खात्यात स्वतः जाऊन पाहिलं, मुदत मार्चपर्यंत आहे. पैसे गेले असते तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, एवढं माहीत होतं.

खरी डोकेदुखी पुढे आहे. आमच्याच पत्त्यावरून गिऱ्हाइकांना 'बँक खातं बदललंय' असे मेल जातायत. पाठवलेल्या मेलमध्ये ते दिसत नाहीत, पासवर्डही बदलला. भाचा म्हणतो, डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगमध्ये) एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी टाक, म्हणजे आमच्या नावाचा मेल खरा की खोटा ते समोरच्या मेल सेवेला तपासता येतं. पहिली दोन कशीबशी टाकली. डीमार्क आधी 'नन' (काही अडवायचं नाही) ठेवून रिपोर्ट बघायचे, की थेट 'रिजेक्ट' (तपासणीत नापास मेल परत लावायचे)? आमची बिलं दुसऱ्याच एका सेवेतून जातात, तीच अडकली तर दिवाळीच्या तोंडावर पंचाईत.

कोथरूड-वारजे भागात शेजारी बसून करून देणारं कोणी आहे का? पैसे देईन. फुकट सल्ले सोसायटीत भरपूर मिळालेत.