मदत हवी आहे: २०१४ ची बॉक्स्टर, फक्त ११,२०० किमी. घ्यावी का?

बंगळूरमध्ये एक पोर्शे बॉक्स्टर (९८१ पिढी, २.७ लिटर, पीडीके म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) बघून आलो. पहिलाच मालक, कर्ज नाही, आरसी आणि विमा तपासला, क्लेम नाही. गाडी पुण्यात आणायची आहे. एनओसी, रोड टॅक्स वगैरेची माहिती काढली आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका.

मन अडलंय ते कमी रनिंगवरच. चारही टायरांवर २९१४ हा आकडा आहे, म्हणजे २०१४ चा २९ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण बाजूच्या रबरावर नखाएवढ्या बारीक भेगा. टायर बदलणारच. सर्व्हिसची नोंद २०१८ पर्यंत दरवर्षी, मग थेट २०२३. मधली पाच वर्षं गाडी कव्हरखाली उभी होती, असं मालक सांगतात.

गाडी लिफ्टवर घेतली, तेलगळती दिसली नाही. इंजिनच्या कॉम्प्युटरचा रिपोर्टही काढला: इंजिन एकूण ५१० तास चाललंय. भागाकार केला तर ताशी २२ किमी पडतात. बंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये मला हे पटतं, तरी जाणकाराकडून ऐकायचं आहे. आयएमएस बेअरिंगची (जुन्या पोर्शे इंजिनांतला निकामी होणारा भाग) भीती या इंजिनात नाही, हे माहीत आहे.

इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, प्लग आणि बेल्ट बदलायचं धरलंच आहे. पण इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत कूलंटचे पाइप, सील, पीडीकेचं तेल आणि छताची यंत्रणा यांपैकी काय सौदा होण्याआधीच उघडून बघायला लावू? आणि ११,२०० किमीला ५१० तास हा हिशेब तुम्हाला खरा वाटतो का?