गोळ्या संपल्या, पण पोटाचं काय?

एच. पायलोरी या जठरातल्या जंतूवर अँटिबायोटिक घेतल्यावर 'कोर्स झाला, जंतू गेला, आता पोट पहिल्यासारखं,' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. एच. पायलोरीमुळे जठराचं अस्तर वर्षानुवर्षं सुजलेलं राहतं, त्यातून पेशींचा डीएनए तुटतो, काही जनुकं मिथिलेशनने (डीएनएवर चिकटणाऱ्या रासायनिक खुणांनी) बंद पडतात. जंतू गेला की सूज उतरते, मिथिलेशनही बरंच कमी होतं. झालेली म्युटेशन्स, म्हणजे डीएनएच्या मजकुरातले बदल, मात्र पुसली जात नाहीत. म्हणून उपचार लवकर हवेत, त्याने कॅन्सरचा धोका खरोखर घटतो.

इंदूरला रामबागेतल्या आमच्या मावशींच्या बायोप्सीत 'इंटेस्टिनल मेटाप्लेझिया' आलं होतं, म्हणजे जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी, कॅन्सरचा धोका वाढवणारा बदल. रिपोर्टमधली ती ओळ घरात कुणी वाचलीच नव्हती! अशांनी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एंडोस्कोपी करावीच. आणि हो, जंतू खरंच गेला का ते पाहणारी ब्रेथ टेस्ट (श्वासाची तपासणी) अँटिबायोटिक संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी. टेस्टच्या आधी २ आठवडे पॅन्टोप्राझोल (ॲसिड कमी करणारी गोळी) बंद, अर्थात डॉक्टरांना विचारून.