शब्दचर्चा : घोडा, चाप आणि पुंगळी

प्रश्न : नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या हत्येवर लिहितोय, ती अनंत कान्हेरे यांनी केली. एका जुन्या लेखात ‘रिव्हॉल्व्हर’ आहे, दुसऱ्यात ‘पिस्तूल’. शिवाय ‘कान्हेऱ्यांनी घोडा दाबला’ हे बरोबर की ‘चाप ओढला’?

उत्तर : पिस्तूलच लिहा. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात वापरलं गेलं ते ब्राउनिंग बनावटीचं पिस्तूल. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर 20 ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, त्यांतलं. रिव्हॉल्व्हरची काडतुसं फिरत्या चक्रात असतात. ब्राउनिंगची मुठीतल्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, एकावर एक बसतात.

‘घोडा’ मात्र टाळा. घोडा म्हणजे मागून आपटणारा भाग, बोटाने ओढतो तो चाप. बातम्यांत सर्रास घोळ होतो. ब्राउनिंगच्या 1900 सालच्या मॉडेलला तर बाहेर दिसणारा घोडाच नाही. नळीच्या वरची एकच स्प्रिंग सरकता भाग पुढे आणते आणि काडतुसावर आपटणाऱ्या आतल्या पिनेलाही जोर देते. जुनी पिस्तुलं जमवणारे ती स्प्रिंग आधी तपासतात, थकली की दोन्ही कामं बिघडतात.

दुसरं उत्तर : ‘पुंगळी’ही नीट वापरा. गोळी उडते, पुंगळी म्हणजे तिचं पितळी कवच मागे राहतं; दोन्ही एकत्र असतात तेव्हा काडतूस (पोर्तुगीजांकडून आलेला शब्द), आणि न उडालेलं ते पंचनाम्यातलं ‘जिवंत काडतूस’. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या चक्रातच राहतात, पिस्तूल प्रत्येक गोळी झाडली की ती बाहेर फेकतं. म्हणून ‘जागेवर पुंगळ्या सापडल्या’ हे वाक्य हत्याराबद्दलही काही सांगतं.

प्रश्न : मग ‘काडतूस भरणे’ म्हणजे नक्की काय? अमेरिकेतले हौशी लोक घरी काडतुसं भरतात असं वाचलं.

उत्तर : ते पुंगळी भरतात. वापरलेली पितळी पुंगळी साफ करून पुन्हा मापात आणायची, नवं प्राइमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी), मोजून दारू आणि नवी गोळी बसवायची. जुन्या पिस्तुलांची काडतुसं दुकानात मिळेनाशी झाली की संग्राहकांना हाच मार्ग उरतो. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय हा गुन्हा आहे. मराठीत मी तीन क्रियापदं वेगळी ठेवतो: पुंगळी भरली, काडतूस घातलं, पिस्तूल झाडलं. ‘भरलेलं पिस्तूल’ रूढच आहे, ते राहू दे.

आणखी एक. जुन्या प्राइमरमुळे नळीत क्षार उरतात आणि ते ओल ओढून गंज आणतात. नुसतं तेल लावून ते जात नाहीत. गरम पाण्याने धुऊन, कोरडी चिंधी फिरवून मग तेल. एन.सी.सी.त रायफल साफ केलेल्यांना ही ‘चिंधी’ ओळखीची आहे. लेखात ‘स्वच्छतेचे वस्त्र’ असलं काही घडवू नका.

प्रश्न : ‘स्वयंचलित’ लिहू की ‘अर्धस्वयंचलित’?

उत्तर : एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, म्हणून अर्धस्वयंचलित. त्या काळी अशा पिस्तुलांना ‘ऑटोमॅटिक’च म्हणत, तेव्हा खटल्यातला मजकूर उद्धृत करताना स्वयंचलित ठेवा, तुमच्या वाक्यात अर्धस्वयंचलित.