मनगटाला प्लेट प्रत्येक वेळी लागतेच असे नाही

मनगटाचे हाड मोडलेल्या सत्तरीच्या आईबद्दल विचारणाऱ्याला ‘प्लेट (हाडाचे तुकडे धरून ठेवणारी धातूची पट्टी) बसवली नाही तर आईचा हात कायमचा अधू होईल,’ असे सांगितले जाते; हे मत मला सरसकट पटत नाही. माझ्या सासूबाई पावसाळ्यात रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांवरून हात टेकून पडल्या, तेव्हा नाशिकमधल्याच दोन डॉक्टरांनी दोन वेगळे सल्ले दिले होते, म्हणून हा गोंधळ मी समजू शकते.

निर्णय वयापेक्षा सांध्याच्या पृष्ठभागावर अधिक ठरतो. भूल देऊन बाहेरूनच हाड जागेवर आणता येत असेल, तर हाडात बसवलेल्या बारीक धातूच्या तारा आणि प्लास्टर पुरेसे ठरू शकतात. ब्रिटनमध्ये 461 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरानंतर तारा व प्लेट यांच्या परिणामांत रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक आढळला नव्हता. तुकडे सांध्यात शिरले असतील आणि बाहेरून बसत नसतील, तर मात्र तळहाताच्या बाजूने प्लेट लावणे योग्यच, कारण पृष्ठभाग उंचसखल राहिला तर पुढे सांधा झिजतो. प्लेट सांध्याच्या फार जवळ आली तर अंगठा वाकवणारा स्नायुबंध तिच्यावर घासून काही महिन्यांनीसुद्धा तुटू शकतो, हेही शस्त्रक्रियेआधी विचारून घ्यावे.

बोटे पहिल्या दिवसापासून हलवत राहा. तर्जनी-मधल्या बोटाला मुंग्या वाढल्या तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच दाखवा. आईंच्या हाडांच्या घनतेची तपासणीही याच निमित्ताने करून घ्या; ती आमच्याकडे कोणी सुचवली नव्हती आणि त्याची मला अजून खंत आहे.