‘रुळणे’ हे क्रियापद स्वतःच्याच घराबाबत चालेल का?

गोधडी : कॅनडाच्या उत्तर भागात मॅकेन्झी नदीच्या त्रिभुज प्रदेशात अक्लाविक नावाचे गाव आहे. तेथील अँग्लिकन आणि कॅथलिक निवासी शाळांमधून घरी परतलेल्या इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातील, मुलांविषयीचा एक लेख मी मराठीत आणत आहे. समुद्र उन्हाळ्यात थोडाच काळ बर्फातून मोकळा होत असल्याने दूरच्या बेटांवरील काही मुले सलग कित्येक वर्षे घरी जाऊ शकत नसत. परतलेली मुलगी मुक्तक, म्हणजे देवमाशाची चरबीसकट कापलेली कातडी, तोंडाजवळ आणताच वासाने मागे सरते, आणि आईचे बोलणे तिला अर्धेच कळते. ‘तिला घरी रुळायला फार दिवस लागले’ असे मी लिहिले, तर संपादकांनी ‘आपल्याच घरी कोणी रुळते का?’ असा शेरा मारला. जाणकारांचे मत हवे आहे.

मोडीवाचक : संपादकांचे बरोबर आहे. सून सासरी रुळते, नवा कारकून कचेरीत रुळतो. माहेरी आलेली लेक रुळत नाही, ती नुसती येते. ‘पुन्हा घरची झाली’ असे लिहावे.

पाणंद : मोडीवाचकांशी असहमत आहे. त्या शाळांत मुलांचे केस कापले जात, ख्रिस्ती नावाने हाक मारली जाई आणि मातृभाषेत बोलल्याबद्दल शिक्षा होई. ज्या वयात मुलीने आईशेजारी बसून उलूने, म्हणजे बायकांच्या अर्धगोल पात्याच्या सुरीने, कातडे खरवडायला शिकायचे, ते वय फरशा पुसण्यात गेले. अशा मुलीला घर हेच सासर झालेले असते, म्हणून ‘रुळणे’ अगदी नेमके बसते. ‘घरची झाली’ म्हटले की मधल्या काळात ती घरची नव्हती असे ठरते आणि दोष नकळत तिच्याकडे जातो.

तळटीप : ‘रुळणे’ हे आगगाडीच्या रुळावरून आले असावे. घसरलेला डबा पुन्हा रुळावर येतो, तसे.

मोडीवाचक : केस खांद्यावर रुळतात, गळ्यातली माळ छातीवर रुळते, रुळलेली वाट असते, यांत आगगाडी कुठे आली? वारंवार घासून, लोळून सवयीचे होणे हा त्यातला भाव आहे.

पाणंद : एक भर घालतो. इनुइट लोकांत बाळाला बहुधा दिवंगत नातलगाचे नाव देतात आणि त्या नावाबरोबर नातेही येते. आजीच्या आईचे नाव मिळालेल्या नातीला आजी ‘आई’ अशी हाक मारू शकते. शाळेत वेगळ्याच नावाला ओ द्यायची सवय लागलेल्या मुलीला आजीची ‘आई’ ही हाक आपल्यालाच आहे, हे नव्याने उमजावे लागते. आपल्याकडे मुलीला सासूबाईंचे नाव ठेवले की सून त्या नावाने तिला हाक मारीत नाही, टोपणनाव काढते. नात्याचा मान राखण्याची वृत्ती तीच, रीत मात्र नेमकी उलटी. अनुवादात यावर टीप हवीच.

मेळघाटकर : मूळ शब्दाचेच पाहा ना. ‘निवासी शाळा’ हे शासकीय परिपत्रकातले मराठी झाले, त्याऐवजी ‘आश्रमशाळा’ लिहा. मी धारणी तालुक्यात शिकवीत होतो. सुट्टीत घरी गेलेली कोरकू मुले आजीने कोरकूत काही विचारले की मराठीत उत्तर देत, आणि आजी शेजारच्या मुलाकडे पाहत असे.

गोधडी : प्रसंग बोलका आहे, पण तुलना मला पेलत नाही. कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने 2015 मध्ये त्या व्यवस्थेला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. मुलांना पाठवले नाही तर कुटुंबभत्ता बंद होईल, अशी धास्ती पालकांना घातली गेल्याचे अनेकांनी सांगितले आहे. आश्रमशाळेत मात्र पालक स्वतः नाव घालायला येतात.

मेळघाटकर : गावात शाळाच नसेल तर ‘स्वतः’ या शब्दाला किती अर्थ उरतो? हेतू वेगळा होता हे मान्य आहे, पण आजीच्या चुलीपाशी काय घडते याच्याशी हेतूचा संबंध नाही.

मोडीवाचक : ‘आश्रम’ म्हटले की मराठी वाचकाला साने गुरुजी आठवतात. मुलांचे अवगुण काढण्याच्या नावाखाली भाषा काढून घेणाऱ्या संस्थेला तो शब्द बहाल करू नये. ‘बोर्डिंग’ लिहा, खेडोपाडी तोच शब्द चालतो.

तळटीप : ‘बोर्डिंग’ला रयत शिक्षण संस्थेचा वास आहे. कर्मवीरांच्या बोर्डिंगात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवली. तो शब्द इथे वापरणे मला तरी रुचत नाही.

गोधडी : ‘रुळणे’ ठेवू की काढू, एवढे कोणी सांगेल का?

पाणंद : ठेवा. पण ‘मुक्तक’ आधी बदला. वाचकाला वाटेल, मुलीने आईची कविता नाकारली.

मोडीवाचक : ‘मक्तक’ लिहावे. आणि ‘काढा’ हे माझे मत कायम आहे.